डोळ्यांना ऊन का सोसवत नाही?

भारतीय परंपरेत सूर्य हा नेत्रांचा अधिष्ठाता देव मानला गेला आहे. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या नेत्रापासून सूर्याची उत्पत्ती झाल्याचे वर्णन आढळते. प्रातःकाळी सूर्याला अर्घ्य देण्याची प्रथा आजही अनेक घरांत श्रद्धेने पाळली जाते. ज्याच्या प्रकाशामुळे सृष्टी दिसते, त्याच सूर्याचा प्रकाश एखाद्याच्या डोळ्यांना सोसवेनासा होतो. मनुष्य उन्हात येताच डोळे घट्ट मिटून घेतो, डोळ्यांतून पाणी वाहू लागते, कपाळ दुखू लागते. अशा वेळी ‘ऊन कडक आहे’ असे म्हणून विषय सोडून दिला जातो. वास्तविक उजेड न सोसणे हा स्वतंत्र रोग नसून ते एक लक्षण आहे. त्यामागे सामान्य धुळीपासून दृष्टी कायमची हिरावून घेणाऱ्या विकारापर्यंत अनेक कारणे असू शकतात. ती ओळखता यावीत आणि वेळेवर उपचार व्हावेत, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

जव्हार व मोखाडा हे सह्याद्रीच्या कुशीतील दोन आदिवासी तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वराकडून येणारा भाविक मोखाड्यावरून, तर मुंबईकडून येणारा भाविक मनोर-विक्रमगडमार्गे जव्हारला पोहोचतो. पावसाळ्यात हिरवागार दिसणारा हा डोंगराळ मुलूख फाल्गुनापासून वैशाखापर्यंत उघडाबोडका होतो. पानगळ झालेली झाडे, तापलेले कातळ आणि धुळीचे रस्ते यांमुळे दुपारचा प्रकाश डोळ्यांवर सर्व बाजूंनी येतो. बाहेरगावच्या भाविकाला हा त्रास प्रवासापुरता होतो. परंतु येथील काही बालकांच्या बाबतीत उजेड न सोसण्याचे कारण उन्हात नसून त्यांच्या ताटात असते. म्हणून या लेखात दोन्हींचा विचार केला आहे.

उजेड सोसण्याची नैसर्गिक व्यवस्था

देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या मंद प्रकाशात दर्शन घेऊन भाविक अचानक प्रांगणात येतो, तेव्हा क्षणभर त्याचे डोळे दिपतात. हे नैसर्गिक आहे. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते, तर गाभाऱ्यातील प्रकाश तिच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असतो. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते. तरुण माणसात ती ७ ते ८ मिलिमीटरपर्यंत विस्तारते, आणि प्रखर उजेडात २ मिलिमीटरच्या आसपास आकुंचन पावते. आकुंचनास फार वेळ लागत नाही, आणि आतील दृष्टिपटलही काही मिनिटांत नव्या उजेडाशी जुळवून घेते. याउलट उजेडातून अंधारात गेल्यावर दृष्टी पूर्ण सरावण्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. घाऱ्या किंवा फिकट डोळ्यांच्या व्यक्तींना काळ्याभोर डोळ्यांच्या व्यक्तींपेक्षा ऊन काहीसे अधिक जाणवते, तेही नैसर्गिकच आहे.

डोळ्याच्या दर्शनी भागी, बुबुळावर, काचेसारखे पारदर्शक आवरण असते. त्यास पारपटल म्हणतात. शरीरातील अत्यंत संवेदनशील भागांपैकी हा एक असून त्यात मज्जातंतूंची दाट जाळी असते. पारपटलास इजा झाली किंवा डोळ्याच्या आत दाह झाला, की हे मज्जातंतू क्षुब्ध होतात आणि साधा उजेडही वेदना देऊ लागतो. त्यामुळे पुढील प्रसंगी उजेडाचा त्रास नैसर्गिक समजू नये : तो पाच-दहा मिनिटांत ओसरत नसेल, केवळ एकाच डोळ्यास होत असेल, किंवा त्याबरोबर लाली, वेदना वा अंधुकपणा असेल.

डोळ्याच्या पृष्ठभागावरील कारणे

सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे डोळ्यांचा कोरडेपणा. वारा, धूळ, दुचाकीवरील प्रवास, दीर्घकाळ मोबाइल वा संगणकाकडे पाहणे आणि वाढते वय यांमुळे अश्रूंचा थर विरळ होतो. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखी टोचणी लागते आणि ऊन सोसवत नाही. धुळीचा कण पापणीखाली अडकला असता असाच त्रास एका डोळ्यात होतो.

डोळे येणे हे दुसरे सामान्य कारण. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ पसरली होती. अशा साथींमागे बहुधा विषाणू असतात. रोग्याच्या डोळ्यांकडे पाहिल्याने तो पसरत नाही. हात, रुमाल, टॉवेल व उशी यांच्याद्वारे तो पसरतो. म्हणून साथीच्या दिवसांत देवळातील गर्दी टाळणे आणि वारंवार साबणाने हात धुणे, हीच मोठी सेवा ठरते. बहुसंख्य रुग्ण आपोआप बरे होतात. उजेडाचा त्रास वाढत गेला किंवा दृष्टी मंदावली, तर मात्र पारपटलावर परिणाम झाल्याची शंका घ्यावी.

दर उन्हाळ्यात मुलांचे डोळे लाल होऊन प्रचंड खाजणे, त्यांतून चिकट तारेसारखा स्राव येणे आणि मुलाने उन्हात डोळेच न उघडणे, ही ॲलर्जीची लक्षणे आहेत. डोळे चोळण्याने हा विकार बळावतो. यावर औषधविक्रेत्याकडून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब प्रथम जादूसारखा आराम देतात. परंतु तपासणीविना ते दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू उद्भवू शकतो, आणि डोळ्यात जंतुसंसर्ग असल्यास तो भडकतो.

शेतकरी व मजूर वर्गात पारपटलावरील जखम हे विशेष गंभीर कारण होय. भातकापणी व झोडणीच्या वेळी भाताचे पाते, तूस किंवा काडी डोळ्यास लागते. ओरखडा लहान असला तरी वनस्पतीबरोबर आलेली बुरशी त्यात रुजू शकते. दोन-चार दिवसांनी डोळा लाल होतो, उजेड असह्य होतो आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. हा ठिपका म्हणजे व्रण होय. त्यावर पाल्याचा रस, मध, तूप किंवा अंगावरचे दूध घालण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. घालणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे नवे जंतू आत जातात आणि मौल्यवान दिवस वाया जातात. अशा रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

वेल्डिंगचा झगमगाट उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास अतिनील किरणांमुळे पारपटल भाजते. त्याची वेदना तत्काळ होत नाही, काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग सुरू होते. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत हा त्रास शमतो.

पूजासाहित्य आणि डोळ्यांची काळजी

देवपूजेतील काही वस्तू डोळ्यांच्या बाबतीत जपून हाताळाव्या लागतात. त्यांची माहिती भाविकांस व पुजाऱ्यांस असणे आवश्यक आहे.

रुई : शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ अर्पण करतात. पान तोडताना निघणारा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास पारपटलास सूज येते. काही वेळा वेदना फारशी होत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. परंतु दृष्टी धूसर होते, दिव्याभोवती वलये दिसतात आणि ऊन सोसवत नाही. योग्य उपचारांनी बहुतेकांची दृष्टी पूर्ववत होते.

धोतरा : शंकराला धोतऱ्याचे फूल व फळ वाहतात. या वनस्पतीतील द्रव्ये बाहुली मोठी करतात. धोतरा हाताळून तोच हात डोळ्यास लागल्यास एका डोळ्याची बाहुली विस्फारते, जवळचे अक्षर दिसेनासे होते आणि उन्हात डोळा दिपतो. हा परिणाम काही दिवस टिकून ओसरतो. मात्र डॉक्टरांकडे गेल्यावर धोतरा हाताळल्याचे अवश्य सांगावे, अन्यथा मेंदूच्या विकाराची शंका येऊन निष्कारण धावपळ होते.

चुना : हा पूजासाहित्याचा भाग नसला तरी विड्याच्या व तंबाखूच्या निमित्ताने अनेकांच्या खिशात असतो. चुन्याची पुडी मुलांच्या हाती पडली व दाबताना फुटली, तर चुना थेट डोळ्यात उडतो. चुना हा तीव्र दाहक पदार्थ असून तो पारपटलात खोल शिरतो व त्याचे कण पापणीखाली चिकटून राहतात. अशा अपघातात दृष्टी कायमची जाऊ शकते. चुन्याची पुडी मुलांच्या हाती कधीही देऊ नये.

गुलाल, शेंदूर, कापराचा व उदबत्तीचा धूर यांमुळेही डोळे चुरचुरतात. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात रात्रभर सोंगे नाचतात. जागरण आणि मशालींचा धूर यांमुळे दुसऱ्या दिवशी सकाळचे ऊन बोचते, ते विश्रांतीने निवळते.

यांपैकी कोणताही पदार्थ डोळ्यात गेल्यास एकच नियम पाळावा : डोळा चोळू नये, आणि जागच्या जागी स्वच्छ पाण्याच्या सौम्य धारेने निदान १५ ते ३० मिनिटे धूत राहावे. पापण्या बोटांनी उघडून त्यांखालीही पाणी जाऊ द्यावे. दवाखाना दूर असला तरी धुण्यात विलंब करू नये. चुन्याच्या बाबतीत पहिली काही मिनिटेच दृष्टीचे भवितव्य ठरवतात.

डोळ्याच्या आतील कारणे

बुबुळाचा काळा-तपकिरी भाग, म्हणजे परितारिका, हिला दाह झाल्यास डोळ्यात खोल ठसठस होते, पारपटलाभोवती लाली येते आणि उजेडात वेदना वाढते. चिकट स्राव मात्र येत नाही. म्हणूनच ‘डोळे आले’ असे समजण्याची चूक येथे घडते. संधिवात, क्षय, कुष्ठरोग अशा विकारांशी या दाहाचा संबंध असू शकतो. उपचार न झाल्यास दृष्टीस धोका असतो.

मोतीबिंदूत नेत्रभिंग गढूळ होते व प्रकाश त्यातून विखुरतो. वृद्ध व्यक्ती उन्हात अधिक अंधुक दिसते आणि सावलीत बरे दिसते असे सांगतात. रात्री समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपतात. हा विकार शस्त्रक्रियेने बरा होतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस उजेड जाणवणे स्वाभाविक आहे. मात्र वेदना, लाली व अंधुकपणा कमी होण्याऐवजी वाढू लागल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

काचबिंदूचा तीव्र झटका आल्यास डोळा दगडासारखा कठीण होतो, असह्य डोकेदुखी व उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. येथे तासांचा हिशेब असतो. तान्ह्या बाळाचे डोळे नेहमीपेक्षा मोठे दिसत असतील, त्यांतून सतत पाणी येत असेल आणि बाळ उजेडाकडे पाहत नसेल, तर ‘किती टपोरे डोळे’ म्हणून कौतुक करण्याआधी जन्मजात काचबिंदूची तपासणी करून घ्यावी. बाळाची बाहुली पांढरी दिसत असल्यासही विलंब करू नये.

काही व्यक्तींच्या त्वचेत, केसांत व डोळ्यांत जन्मतःच रंगद्रव्याचा अभाव असतो. परितारिका फिकट असल्याने त्यांच्या डोळ्यांत अनावश्यक प्रकाश शिरतो. हा कोणत्याही पापाचा वा शापाचा परिणाम नव्हे. अशा मुलांस टोपी, योग्य चष्मा आणि वर्गात पुढील बाक मिळाल्यास ती इतरांप्रमाणेच शिकू शकतात.

डोळ्याबाहेरील कारणे

अर्धशिशीच्या रुग्णांस झटक्याच्या वेळी उजेड व आवाज दोन्ही नकोसे होतात. उपवास, जागरण, प्रवास व तळपते ऊन यांमुळे झटका येऊ शकतो. यात्रेत ही चारही कारणे एकत्र येतात. म्हणून अर्धशिशीच्या रुग्णांनी उपवास बेताचा ठेवावा, पाणी पीत राहावे व आपली औषधे जवळ बाळगावीत.

ताप, मान आखडणे, उलट्या, गुंगी आणि उजेड नकोसा होणे ही लक्षणे एकत्र आल्यास मेंदूच्या आवरणाचा दाह असू शकतो. अशा रुग्णास घरी ठेवू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बालकांना गोवर झाल्यास डोळे लाल होतात व उजेड सोसवत नाही. पूर्वी अशा मुलास अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवीत आणि त्याचा आहारही कमी करीत. अंधाराने मुलास थोडा आराम वाटतो हे खरे, पण आहार तोडणे घातक असते, कारण गोवरात शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने संपतो. पुढील भागाचा विषय तोच आहे.

ताटातील उणीव आणि डोळ्यांतील अंधार

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सबंध महाराष्ट्राचे लक्ष या भागातील कुपोषणाकडे वेधले. त्यानंतरच्या काळात अनेक योजना आल्या. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. २०१५ साली आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आली. तरीही कुपोषणाचा प्रश्न संपलेला नाही. कुपोषण म्हटले की अशक्त हातपाय डोळ्यांसमोर येतात, परंतु त्याची एक खूण डोळ्यांतही उमटते.

दृष्टिपटलावरील ज्या पेशी मंद उजेडात पाहण्याचे काम करतात, त्यांना अ जीवनसत्त्व लागते. डोळ्याचा पृष्ठभाग ओलसर व निरोगी ठेवण्यासही तेच आवश्यक असते. या जीवनसत्त्वाची उणीव झाली की लक्षणे बहुधा पायरीपायरीने येतात. प्रथम मूल संध्याकाळी अडखळू लागते. दिवेलागणीच्या वेळी ते खेळ सोडून आईजवळ बसून राहते, ताटातील घास चाचपडत घेते. हाच रातांधळेपणा. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागाची चमक जाते व कानाकडील बाजूस साबणाच्या फेसासारखा पांढरट ठिपका दिसतो. त्यानंतर पारपटल कोरडे पडते, त्यावर व्रण होतो आणि मूल उन्हात डोळे उघडेनासे होते. अखेरच्या अवस्थेत पारपटल मऊ पडून विरघळते, आणि तसे होण्यास काही दिवसही पुरे होतात. गोवर किंवा जुलाब झाल्यास मधल्या पायऱ्या न दिसताच ही अवस्था येऊ शकते.

म्हणून जे मूल संध्याकाळी चाचपडते आणि दिवसा उजेडात डोळे मिटते, त्या मुलाकडे थांबून पाहावे. ही दोन लक्षणे परस्परविरुद्ध भासली तरी एकाच उणिवेची असू शकतात. असे मूल लाजाळू किंवा हट्टी नसते. त्याला त्याच दिवशी उपचारांची गरज असते. डॉक्टर अ जीवनसत्त्वाची मात्रा त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी व दोन आठवड्यांनी, अशी तीन वेळा देतात. पारपटल शाबूत असेपर्यंत हा उपचार अल्पखर्चाचा व प्रभावी असतो. पारपटल विरघळल्यानंतर गेलेली दृष्टी मात्र औषधाने परत येत नाही.

प्राचीन वैद्यांनाही या विकाराचे निरीक्षण होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांची गणना केलेली असून रातांधळेपणावर शेळीच्या यकृताचा उपयोग सांगितला आहे. यकृतात अ जीवनसत्त्वाचा मोठा साठा असतो, हे विज्ञानास विसाव्या शतकात उमगले. त्या जीवनसत्त्वाचा शोध १९१३ साली अमेरिकेत लागला. भारतात बालकांना त्याची मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. त्यानुसार नवव्या महिन्यात १ लाख युनिटांची पहिली मात्रा आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटांची मात्रा, अशा एकूण ९ मात्रा आरोग्य केंद्र व अंगणवाडीमार्फत विनामूल्य दिल्या जातात.

अडचण येते ती स्थलांतराची. भाताचे काम आटोपल्यावर येथील अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे या बाजूस वीटभट्टी व बांधकामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात बालकाची मात्रा चुकते, लस राहते, अंगणवाडीचा आहार तुटतो, शिवाय भट्टीची धूळ व धूर डोळ्यांत जातो. म्हणून स्थलांतर करणाऱ्या मातेने बाळाचे माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे आणि ज्या गावी मुक्काम असेल तेथील अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात ते दाखवावे.

नागली, वरई व भात ही येथील मुख्य धान्ये. नागली चुन्याने, अर्थात कॅल्शियमने, समृद्ध आहे, परंतु या तिन्ही धान्यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ती उणीव भाजीपाल्याने भरून निघते. शेवग्याचा पाला, माठ, अळू, टाकळा, कुर्डू, लाल भोपळा, पिकलेली पपई व पिकलेला आंबा यांपासून शरीर हे जीवनसत्त्व तयार करू शकते. पालेभाजीला थोडे तेल असल्याशिवाय ते अंगी लागत नाही. घरातील जे तेल असेल, मग ते मोहाच्या बियांचे का असेना, त्याची फोडणी उपयोगी पडते. पाला कडक उन्हात वाळवल्याने त्यातील सत्त्व घटते, तो सावलीत वाळवावा. बाळास जन्मल्याबरोबर मिळणारे चिकाचे दूध अ जीवनसत्त्वाने युक्त असते, ते टाकून देऊ नये. गरोदर स्त्रीस संध्याकाळी कमी दिसू लागल्यास तिने आरोग्य केंद्रात सांगावे. मोठ्या मात्रेची औषधे गर्भास अपायकारक असल्याने ती स्वतःहून घेऊ नयेत.

पाण्याचाही डोळ्यांशी संबंध आहे. मोखाड्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. चेहरा धुण्यास पाणी नसेल तर डोळ्यांचे संसर्ग पसरतात. खुपरी हा असाच अस्वच्छतेतून पसरणारा रोग. पूर्वी त्याने देशात असंख्य लोकांची दृष्टी घेतली. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. प्रयत्नपूर्वक केलेल्या कामास असे यश येते.

सूर्यदर्शनाविषयी

जव्हारचा सूर्यास्त पाहण्यास व मोखाड्यातील सूर्यमाळच्या पठारावर अनेक पर्यटक व भाविक येतात. अर्घ्य देताना किंवा सूर्यनमस्कार घालताना सूर्याकडे तोंड करावे, नजर मात्र सूर्यबिंबावर रोखू नये. दृष्टिपटलास वेदनेची जाणीव नसते. त्यामुळे ते भाजत असताना काहीच कळत नाही, आणि काही तासांनी दृष्टीच्या मध्यभागी काळा डाग दिसू लागतो. पाण्याच्या धारेतून, परातीतील प्रतिबिंबातून किंवा काजळी धरलेल्या काचेतून सूर्य व ग्रहण पाहणेही सुरक्षित नाही.

भाविकांसाठी सूचना

१. दुपारी ११ ते ४ या वेळेत पायी फिरताना रुंद काठाची टोपी, पदर, उपरणे किंवा छत्री वापरावी.

२. गॉगल घेताना तो अतिनील किरण पूर्णपणे अडवणारा आहे याची खात्री करावी. केवळ काच गडद असणे पुरेसे नाही.

३. घरात किंवा सावलीत सतत काळा चष्मा लावू नये. डोळे अंधाराला सरावतात व उजेडाचा त्रास अधिकच वाढतो.

४. दुसऱ्याचे डोळ्यांचे औषध, जुनी उघडलेली बाटली किंवा स्टिरॉइडचे थेंब सल्ल्याविना वापरू नयेत.

५. वेदना, दृष्टी मंदावणे, बुबुळावर पांढरा ठिपका, एकाच डोळ्याची लाली, डोळ्यास मार किंवा उलट्यांसह डोकेदुखी असल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. या परिसरात जव्हार येथील पतंगशहा कुटीर रुग्णालय व मोखाडा येथील ग्रामीण रुग्णालय ही शासकीय रुग्णालये आहेत. तेथे प्राथमिक तपासणी करून पुढील उपचारांसाठी मार्गदर्शन घेता येते.

दानशूर भाविकांसाठी

नेत्रदृष्टी राखण्यास साहाय्य करणे हे श्रेष्ठ दान आहे. ते योग्य मार्गाने व्हावे. अ जीवनसत्त्वाची औषधे स्वतः विकत घेऊन पाड्यांवर वाटू नयेत. एकाच बालकास दोनदा मोठी मात्रा मिळाल्यास अपाय होतो, म्हणून ते काम आरोग्य विभागाकडेच असावे. डोळ्यांचे थेंब व हलक्या प्रतीचे गॉगल यांचे वाटपही टाळावे.

त्याऐवजी अंगणवाडीच्या आवारात शेवगा व पपईची रोपे लावून त्यांना उन्हाळ्यात पाणी मिळेल अशी व्यवस्था करावी. शाळा व पाड्यांवर हातपाय-तोंड धुण्यासाठी पाण्याची टाकी बसवावी. शाळकरी मुलांना डॉक्टरांनी लिहून दिलेले चष्मे व रुंद काठाच्या टोप्या द्याव्यात. मोतीबिंदूच्या वृद्ध रुग्णास व त्याच्या सोबत्यास रुग्णालयात जाण्या-येण्याचा खर्च द्यावा. शस्त्रक्रिया विनामूल्य असली तरी बसचे भाडे व बुडालेली मजुरी यांपायी अनेक रुग्ण घरीच राहतात. नेत्रशिबिर भरवायचे असल्यास शिबिरात केवळ तपासणी व्हावी, शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयातच व्हावी.

या परिसरात फिरताना एखादे मूल उन्हात डोळे घट्ट मिटून उभे असलेले दिसल्यास त्याच्या हाती खाऊ देण्यापूर्वी त्याच्या आईला एक प्रश्न विचारावा : “ताई, याला संध्याकाळी नीट दिसते का?” उत्तर नकारार्थी आले, तर त्या मुलास गावातील आशा कार्यकर्तीच्या किंवा अंगणवाडी सेविकेच्या मदतीने त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचवावे.